तिरपी रेघ आणि फुली

निळी गोल पाटी, तिला लाल कडा. पाटीवर लाल तिरपी रेघ एकच असेल तर गाडी लावायला मनाई, म्हणजे नो पार्किंग. दोन रेघांची फुली असेल तर गाडी थांबवायलाही मनाई, म्हणजे नो स्टॉपिंग. रस्त्यावरच्या पाट्यांविषयीच्या 1968च्या व्हिएन्ना या आंतरराष्ट्रीय करारातल्या या खुणा अनेक देशांत जवळपास अशाच दिसतात. चालत्या गाडीतून दोन्ही सारख्याच वाटतात, आणि बरेच जण दोन्हींचा अर्थ ‘इथे गाडी लावायची नाही’ एवढाच घेतात.

‘मी सीटवरच आहे, इंजिन चालू आहे, म्हणजे हे पार्किंग नाही,’ हा त्यातला सगळ्यात मोठा गैरसमज. करारात चालक कुठे बसलाय याला महत्त्व नाही, गाडी कशासाठी उभी आहे याला आहे. माणसं चढायला-उतरायला किंवा सामान भरायला-उतरवायला लागेल तेवढाच वेळ उभी राहिली, तर ते नुसतं थांबणं. त्याहून जास्त वेळ किंवा भलत्याच कामासाठी उभी राहिली, तर पार्किंग. स्टिअरिंगवर हात ठेवून दहा मिनिटं कुणाची वाट पाहिली, तरी ते पार्किंगच ठरतं. काही देश वेळेची मर्यादाही घालतात. जर्मनीत 3 मिनिटांपेक्षा जास्त थांबलात किंवा गाडी सोडून गेलात, की गाडी लावली असं धरतात. सिग्नलला किंवा कोंडीत थांबावं लागलं तर ते या दोन्हींत मोडत नाही.

म्हणजे एका रेघेच्या पाटीपाशी आजीला उतरवून लगेच निघता येतं; फुलीपाशी तेवढंही चालत नाही. अर्ध्या मिनिटाने असं काय बिघडतं, असं वाटणं साहजिक आहे. पण थांबायलाही मनाई असलेल्या जागा कोणत्या ते बघा: झेब्रा क्रॉसिंग, रेल्वे फाटकातले रूळ, आंधळं वळण, चढाचा माथा, सिग्नल किंवा पाटी झाकली जाईल अशी जागा. बहुतेक ठिकाणी प्रश्न नजरेचा आहे. ताशी 50 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला सुमारे 14 मीटर पुढे जाते. झेब्रावर उभ्या केलेल्या गाडीमागून एखादं मूल पुढे आलं, तर येणाऱ्या चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढं अंतर संपलेलं असतं. आडोसा करणारी गाडी पाच सेकंदांपूर्वी थांबली की पाच तासांपूर्वी, त्या मुलाच्या दृष्टीने सारखंच. म्हणून मला फुलीचा नियम अजिबात जाचक वाटत नाही.

नुसत्या पार्किंगला मनाई असते तिथे अडचण वेगळी असते. कुणाच्या फाटकासमोर, नीट लावलेल्या दुसऱ्या गाडीच्या वाटेत किंवा बसथांब्याच्या तोंडाशी गाडी उभी राहिली, की कुणाची तरी वाट अडते, आणि ती जितका वेळ उभी तितका त्रास वाढतो. क्षणभराचं थांबणं तिथे खपतं ते यामुळेच.

ब्रिटनमध्ये हाच भेद रस्त्याच्या कडेला रंगांनी दाखवतात: दोन पिवळ्या रेघांवर गाडी उभी करून ठेवता येत नाही, पण माणूस उतरवता येतो, दोन लाल रेघांवर सहसा थांबताच येत नाही.

चारही इंडिकेटर लावले म्हणून यातली कुठलीही मनाई उठत नाही. ते दिवे आहेत गाडी खरोखर बंद पडली तर मागच्यांना सावध करायला. तशी वेळ आली तर दिवे लावा, गाडी होईल तेवढी कडेला ढकला आणि इशाऱ्याचा त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवा.