एनएएल वेगळी, एचएएल वेगळी

बंगळुरूहून विमानांची बातमी आली की एनएएल आणि एचएएल या दोन नावांची हमखास सरमिसळ होते. दोन्ही संस्था सरकारी, दोन्ही बंगळुरूच्या, दोन्ही विमानांशी निगडित. त्यात एनएएलचं मुख्यालय ज्या रस्त्यावर आहे, त्याचंच नाव एचएएल विमानतळ रस्ता. साहजिकच एकीचं काम दुसरीच्या खात्यावर जमा होतं. पण भारताला स्वतःचं प्रवासी विमान अजून का मिळालेलं नाही, हे समजून घ्यायचं तर या दोघींमधला फरक आधी नीट कळायला हवा.

एचएएल म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड. ही कंपनी आहे. संरक्षण मंत्रालयाच्या संरक्षण उत्पादन विभागाखाली ती येते आणि 2018 पासून तिचे शेअर बाजारात आहेत. तिचं मूळ महाराष्ट्राशी जोडलेलं आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी केली. महायुद्धाच्या धामधुमीत सरकारने ती ताब्यात घेतली आणि 1964 साली तिला आजचं नाव मिळालं. त्याच सुमारास नाशिकजवळ ओझरला मिग-21 साठी कारखाना उभा राहिला. त्या परिसराला लोक आजही ‘ओझर मिग’ म्हणतात. पुढे तिथे सुखोई-30 तयार झाली, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये नाशिकला बांधलेलं पहिलं तेजस एमके-1ए हे लढाऊ विमान आकाशात गेलं. नाशिककर ज्या विमानतळावरून प्रवास करतात तो चालवते तीही एचएएलच.

एनएएल म्हणजे नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज, 1959 साली सुरू झालेली प्रयोगशाळा. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ज्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेची, त्याच सीएसआयआरची हीसुद्धा. म्हणजे ती संरक्षण खात्याची नाही, नागरी विज्ञान संशोधनाच्या व्यवस्थेतली आहे. तिच्याकडे वायुबोगदे आहेत, म्हणजे विमानाच्या प्रतिकृतीवर वेगाने हवा सोडून तिची चाचणी घेणारे बोगदे. त्यातला 1.2 मीटरचा, ध्वनीपेक्षा कमी, ध्वनीइतक्या आणि ध्वनीपेक्षा जास्त अशा तिन्ही वेगांवर चालणारा बोगदा 1960 च्या दशकातला आहे. इस्रोच्या प्रक्षेपकांच्या आणि तेजसच्या प्रतिकृती त्याच बोगद्यातून तावून सुलाखून बाहेर पडल्या. धातूला थकवा कसा येतो, पंख किती वेळा वाकल्यावर तडा जातो, अपघातात सापडलेला मोडका तुकडा काय सांगतो, ही तिची रोजची कामं. कार्बन कॉम्पोझिट या कार्बन तंतूंच्या हलक्या पण मजबूत साहित्यातलं तिचं काम तर मला फार मोलाचं वाटतं. तेजसचं वजन आटोक्यात राहिलं त्यामागे या प्रयोगशाळेने अंगी बाणवलेलं ते तंत्र आहे.

प्रवाशाचा एनएएलशी संबंध येतो तो मात्र विमानात बसण्याआधी. धुक्यात धावपट्टीवर किती अंतरापर्यंत दिसतंय हे मोजणारं ‘दृष्टी’ हे उपकरण तिथे विकसित झालं आणि देशातल्या अनेक विमानतळांवर बसवलं गेलं. विमान उतरू द्यायचं की नाही, हा निर्णय अशा मोजमापावर अवलंबून असतो. याआधी ही यंत्रं परदेशातून आणावी लागत.

थोडक्यात, एचएएल विमान विकते आणि एनएएल ज्ञान तयार करते. पण प्रत्यक्षात ही सीमारेषा इतकी स्वच्छ नाही. एचएएलकडे स्वतःचे अभिकल्प विभाग आहेत. ध्रुव हेलिकॉप्टर आणि एचटीटी-40 हे प्रशिक्षण विमान तिथेच आखलं गेलं. उलट एनएएलने पूर्ण विमानंही केली. तेजसमध्ये तर तिसरंच नाव येतं, एडीए, म्हणजे तेजसचा विकास सांभाळणारी सरकारी संस्था. आराखडा एडीएचा, उत्पादन एचएएलचं, आणि उड्डाण नियंत्रणाच्या नियमांपासून कॉम्पोझिटपर्यंत बराच भार एनएएलचा. ते लढाऊ विमान होतं, गिऱ्हाईक एकच आणि ठरलेलं, म्हणून उशिरा का होईना ही साखळी जुळली.

नागरी विमानात ती जुळली नाही, आणि एनएएलचं ‘सारस’ हे त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण. छोट्या गावांना जोडणारं 14 आसनी विमान, पंखे मागच्या बाजूला. कल्पना सुरुवातीला सोव्हिएत भागीदारासोबतची होती, पण तो देशच विसर्जित झाला. मग 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतरच्या निर्बंधांनी सुटे भाग अडले. तरीही 29 मे 2004 रोजी सारस उडालं. उड्डाण एचएएल विमानतळावरून, वैमानिक हवाई दलाचे. विमान ठरवल्यापेक्षा बरंच जड भरलं होतं. 6 मार्च 2009 रोजी हवेत इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्याची चाचणी चालू असताना दुसरा नमुना बंगळुरूजवळच्या बिडदीपाशी कोसळला आणि हवाई दलाचे तीन चाचणी अधिकारी गेले. चौकशीत इंजिन पुन्हा सुरू करण्याची ठरवलेली पद्धतच चुकीची असल्याचं पुढे आलं. प्रकल्प अनेक वर्षं थंडावला. जानेवारी 2018 मध्ये सुधारलेलं सारस पुन्हा उडालं आणि मग 19 आसनी आवृत्तीची आखणी सुरू झाली.

या कहाणीत एनएएलला निकम्मी ठरवणं सोपं आहे, पण ते मला अन्यायाचं वाटतं. प्रयोगशाळा एक-दोन नमुने हाताने घडवते. विकायचं विमान म्हणजे शंभरावा नग पहिल्यासारखाच निघाला पाहिजे. त्यासाठी साचे, पुरवठादार, दुरुस्ती केंद्रं, वीस-तीस वर्षं मिळत राहतील असे सुटे भाग, आणि प्रत्येक भागाची डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकापुढे मांडता येतील अशी कागदपत्रं लागतात. ही ताकद कारखान्याची. आणि कारखाना म्हणजे एचएएल, तिच्यापुढे हवाई दलाच्या पक्क्या मागण्यांची रांग. ज्याचं गिऱ्हाईक ठरलेलं नाही अशा नागरी विमानावर स्वतःचे पैसे लावायला ती का धजावेल? दोघींनी आपापलं काम केलं तरी मधला टप्पा कुणाचाच नाही, आणि सारसची वर्षं त्या टप्प्यात गेली.

एनएएलच्याच हंसाची वाटचाल तुलनेने बरी झाली. दोन आसनी प्रशिक्षण विमान, पहिलं उड्डाण 1993, डीजीसीएचं प्रमाणपत्र 2000. मोजकीच विमानं बनली आणि फ्लाइंग क्लबांकडे गेली, कारण पुढे मोठ्या संख्येने बनवणारं कुणी नव्हतं. नव्या पिढीच्या हंसाने सप्टेंबर 2021 मध्ये उड्डाण केलं आणि 2025 मध्ये त्याच्या उत्पादनाचं तंत्रज्ञान मुंबईच्या एका खासगी कंपनीला देण्यात आलं. इथे एचएएल नाहीच. विजेवर चालणाऱ्या ई-हंसाची घोषणाही त्याच वर्षी झाली. वैमानिक घडवणाऱ्या विमानात इंधनाचा खर्च हा मोठा भाग असतो, त्यामुळे बॅटरीवरच्या उड्डाणाची सुरुवात इथून करणं मला शहाणपणाचं वाटतं. बॅटरीच्या वजनामुळे उड्डाणाचा वेळ कमी राहील, पण धावपट्टीभोवती घिरट्या घालून शिकणाऱ्याला लांबचा पल्ला लागत नाही.

एचएएलचा नागरी इतिहास वेगळ्या वळणाचा आहे. कानपूरला 1961 पासून ब्रिटिश आराखड्याची ॲव्हरो विमानं बनली आणि इंडियन एअरलाइन्सने ती चालवली. 1980 च्या दशकापासून जर्मन आराखड्याचं डॉर्निअर 228 बनतंय. त्याचं नागरी रूप एप्रिल 2022 मध्ये अलायन्स एअरने दिब्रुगढ ते पासीघाट मार्गावर आणलं. ऑक्टोबर 2025 मध्ये एचएएलने रशियाच्या युनायटेड एअरक्राफ्ट कॉर्पोरेशनशी एसजे-100 या प्रवासी विमानाच्या उत्पादनासाठी सामंजस्य करार केला. प्रत्येक वेळी बांधणी इथली, आराखडा बाहेरचा.

एनएएलमध्ये 70 ते 90 आसनी प्रादेशिक विमानाचे अभ्यास कितीतरी वर्षं झाले आहेत. एसजे-100 ची जोडणी खरंच सुरू झाली, तर जेट प्रवासी विमानाची उत्पादन साखळी पहिल्यांदा देशात तयार होईल. त्या वेळी एनएएलचे अभियंते ओझर-कानपूरच्या शॉपफ्लोअरवर सुरुवातीपासून असावेत, निव्वळ सल्लागार म्हणून नव्हे. भाग कुठे तुटतो, जोडणीत कुठे वेळ जातो, डीजीसीए कुठे अडवते, हे त्यांना तिथेच शिकता येईल. त्यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. संरक्षण आणि विज्ञान या दोन मंत्रालयांनी एकत्र बसून नागरी विमानाची जबाबदारी नमुन्यापासून शंभराव्या नगापर्यंत एकाच प्रमुखाकडे द्यायला हवी, आणि विमान कंपन्यांकडून आगाऊ मागणी मिळवणं हेही त्याच प्रमुखाचं काम असायला हवं.