शिर्डी विमानतळाचा हवामान अहवाल कसा वाचावा : आमच्या प्रवाशांसाठी माहिती

हिवाळ्यात सकाळी आमच्या गाडीत बसलेले प्रवासी हमखास विचारतात, "शिर्डीत ऊन पडले आहे, मग विमान का उतरत नाही?" याचे उत्तर विमानतळाच्या 'मेटार' या हवामान अहवालात बहुतेक वेळा सापडते. म्हणून तो कसा वाचावा हे येथे दिले आहे.

समजा, अहवाल असा आहे (हा केवळ नमुना आहे) : 'व्हीएएसडी १२०२३०झेड ०००००केटी १२०० बीआर १३/१२ क्यू१०१६'. पहिली चार अक्षरे म्हणजे शिर्डी विमानतळाची खूण. पुढे १२ तारीख आणि ०२३० ही वेळ आहे, मात्र 'झेड' म्हणजे जागतिक वेळ असल्याने त्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. म्हणजे हे निरीक्षण सकाळी आठचे आहे. ही बेरीज राहून गेली की जुना अहवाल ताजा समजला जातो, तेव्हा कृपया वेळ आधी पाहावी.

पाच शून्ये म्हणजे वारा पूर्ण पडलेला आहे. १२०० ही मीटरमधील दृश्यमानता असून 'बीआर' म्हणजे विरळ धुके. दृश्यमानता हजार मीटरच्या खाली गेली की तेथे दाट धुक्याचे 'एफजी' येते. शेवटचे 'क्यू१०१६' म्हणजे हवेचा दाब. आमच्या मते प्रवाशाने सर्वांत आधी पाहावी ती १३/१२ ही जोडी, कारण तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते तो अंश) यांत जेमतेम एका अंशाचे अंतर असून वाराही नसेल, तर धुके लवकर हटत नाही. गोदावरीच्या कालव्यांवर भिजणाऱ्या या पट्ट्यात विमानतळ असलेल्या काकडी गावाच्या माळावर धुके असताना शिर्डी गावात ऊन असू शकते.

काकडीची धावपट्टी २५०० मीटर लांब, पूर्व-पश्चिम आहे. तिच्या टोकांना ०९ आणि २७ हे क्रमांक आहेत. ते दिशेच्या अंशांतील शेवटचे शून्य गाळून येतात : २७ म्हणजे साधारण २७० अंश, पश्चिमेकडे तोंड. विमान शक्यतो समोरून वारा घेऊन उतरते, त्यामुळे पावसाळ्यात अहवालात '२६०१४केटी', म्हणजे २६० अंशांवरून, साधारण पश्चिमेकडून, १४ नॉट (तासाला १४ सागरी मैल) वारा असेल, तर २७ क्रमांकाचे टोक सोयीचे ठरते. त्या दिवसांत ढगांकडेही लक्ष द्यावे. 'बीकेएन००८' म्हणजे आकाशाच्या आठ भागांपैकी पाच ते सात भाग ढगांनी व्यापले असून त्यांचा तळ जमिनीपासून आठशे फुटांवर आहे. उन्हाळ्यात अडचण वेगळी असते : तापलेली हवा विरळ असल्याने विमानाला उड्डाणासाठी जास्त धाव घ्यावी लागते, आणि कधी त्यासाठी वजनही कमी करावे लागते.

उतरण्याचा निर्णय वैमानिकाचा आणि उड्डाण रद्द करण्याचा विमान कंपनीचा असतो, त्यामुळे केवळ अहवाल पाहून आपण घरी थांबू नये, ही विनंती. सकाळच्या विमानाच्या प्रवाशांसाठी आमचे चालक निघण्यापूर्वी ताजा अहवाल पाहतात आणि दृश्यमानता कमी असल्यास आपल्याला फोन करतात. अशा वेळी विमानतळावर थांबलेल्या गाडीचे प्रतीक्षा शुल्क आम्ही घेत नाही.