पाण्यातला अग्नी

चर्चगेटला क्रॉस मैदानाच्या कडेला भिखा बेहराम विहीर आहे. १७२५ साली खणलेली. समुद्र इतका जवळ, तरी पाणी गोडं. पारशी कालगणनेतल्या आबान महिन्यात आबान रोजाला, म्हणजे त्याच नावाच्या दिवशी, पारशी मंडळी तिथे पाण्याची प्रार्थना करतात. फारसीत ‘आब’ म्हणजे पाणी. आपण ‘आब राखून वागावं’ म्हणतो, तो शब्दही तिथलाच.

पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात पाण्यात राहणारी एक देवता आहे, अपाम नपात. ऋग्वेदातही ती आहे, त्याच नावाने: अपां नपात्, म्हणजे पाण्याचा वंशज. आपला ‘नातू’ याच कुळातला शब्द. दुसऱ्या मंडलातलं पस्तिसावं सूक्त त्याचंच. त्यात तो पाण्यात ‘अनिध्म’, म्हणजे सरपणावाचून, तेवतो.

पाणी आग विझवतं, हे चूल पेटवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. मग पाण्याच्या पोटी अग्नी कसा? अनेक अभ्यासकांना इथे ढगातली वीज दिसते, आणि मलाही ते पटतं. मे संपताना मुंबईवर काळे ढग चढतात तेव्हा बघा. ज्या उंचीवर पाणी गोठतं, तिच्या कितीतरी वर ढगाचा माथा गेलेला असतो. तिथे बर्फाचे हलके कण आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात. बहुतेक वेळा हलके कण धनभार घेऊन वर जातात, गारा ऋणभार घेऊन खाली राहतात. हा ताण हवेला सोसवेनासा झाला की वीज कडाडते. तिच्या वाटेवरची हवा क्षणभर सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसला पोचते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. आणि हे सगळं पाण्यातून, बर्फातून! जुलैच्या संततधारेत गडगडाट कमी असतो, कारण ते ढग बहुधा बुटके. बर्फाचा हा खेळ त्यांत फारसा रंगत नाही.

ऋषींना विद्युतभार माहीत होता, असा अर्थ यातून काढू नये. तसं म्हटलं की त्यांच्या खऱ्या कर्तबगारीवर पाणी पडतं. त्यांनी आभाळ डोळे भरून पाहिलं आणि दोन विरोधी वाटणाऱ्या गोष्टींत नातं ओळखलं.

ते नातं मुंबईत आजही जपलं जातं. इथे चार आतश बेहराम, म्हणजे पारशांची सर्वोच्च दर्जाची अग्निमंदिरं, आहेत. सर्वांत जुनं १७८३ चं. असा अग्नी प्रतिष्ठित करताना सोळा ठिकाणचे अग्नी एकत्र आणतात. कुंभाराचा, सोनाराचा, भटारखान्याचा. आणि त्यात एक वीज पडून पेटलेला असावाच लागतो.