सुवर्णमुद्रिका (रोमन)

प्राचीन रोममधील मोहर उठवण्याची सोन्याची अंगठी. पत्रे, लेखपट्ट्या व मृत्युपत्रे दोऱ्याने बांधून गाठीवर मेण लावीत आणि अंगठीवरील उलटे कोरलेले चिन्ह त्यावर दाबीत. ईजिप्शियन व ग्रीक मुद्रिका याहून पुष्कळ जुन्या. मात्र सोन्याच्या अंगठीला कायद्याने सामाजिक दर्जाची खूण ठरवले ते रोमने.

ही खूण केव्हा व कोणासाठी रूढ झाली, याविषयी मतभेद आहेत. रोमन लेखक थोरल्या प्लिनीच्या मते मूळची रोमन अंगठी लोखंडाची होती. परदेशी जाणाऱ्या दूतांना सरकारातून सोन्याची अंगठी मिळे. तीही ते चारचौघांत घालीत, घरी लोखंडाचीच. इ. स. पू. ३०४ मध्ये मुक्त दासाचा मुलगा नीअस फ्लाव्हिअस ईडाइलपदी (नगरव्यवस्था पाहणारा अधिकारी) निवडून आला, तेव्हा उमरावांनी निषेधार्थ सोन्याच्या अंगठ्या उतरवून ठेवल्या. अंगठ्या साऱ्या सिनेटने उतरवल्या, ही समजूत प्लिनी खोडून काढतो. त्याचे म्हणणे अधिक ग्राह्य दिसते. कॅनीच्या लढाईनंतर (इ. स. पू. २१६) विजयी कार्थेजी सेनापती हॅनिबल याचा भाऊ मागो याने मेलेल्या रोमनांच्या अंगठ्या कार्थेजच्या सिनेटपुढे ओतल्या. त्या साडेतीन मोडियस भरल्या असे काही म्हणत; प्लिनी तीन सांगतो, तर इतिहासकार लिव्ही एकाहून अधिक मानायला तयार नाही (१ मोडियस = सुमारे ८.७ लिटर). अशा अंगठ्या अश्वारोही वर्गातले (सिनेटर-वर्गाखालचा धनिक वर्ग), त्यातही अग्रगण्यच घालतात, असे तो मागोच्या तोंडी घालतो. लिव्ही हे दोन शतकांनी लिहीत होता, हे विसरू नये.

अधिकाराची मोहर व दर्जाची खूण ही मुद्रिकेची दोन्ही रूपे इ. स. पू. २३ मधील एका प्रसंगात शेजारी दिसतात. मरणोन्मुख सम्राट ऑगस्टसने आपली मुद्रिका सेनापती अग्रिपाच्या हाती दिली. तिच्यातून अधिकार सूचित झाला. ऑगस्टस बरा झाल्यावर त्याचा वैद्य अँटोनिअस म्यूसा याला सोन्याची अंगठी घालण्याची मुभा मिळाली. म्यूसा मुक्त दास होता, म्हणून मुभा लागली. ऑगस्टसची मोहर आधी स्फिंक्सची, मग अलेक्झांडरच्या मस्तकाची आणि शेवटी डायोस्कूरिडीझने कोरलेल्या स्वतःच्या मुखाची होती.

सम्राट टायबीरिअसच्या काळात (इ. स. २३) बाप व आजा जन्मतः स्वतंत्र आणि मालमत्ता ४,००,००० सेस्टर्स (रोमन नाणे) असेल, त्यालाच हा हक्क राहिला. सम्राट सेप्टिमिअस सिव्हीरसने तो सैनिकांना दिला, सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३९ मध्ये सर्व मुक्त दासांना.

अंगठीत बसवण्याच्या दगडांपैकी सार्डोनिक्स या पट्टेदार अकिकाला विशेष मान होता. प्लिनीने कारण दिले आहे: कोरलेल्या रत्नांपैकी जवळजवळ हाच एक मेण उचलून घेत नाही, त्यामुळे ठसा स्वच्छ उमटतो. उत्तम सार्डोनिक्स भारतातून येई. *पेरिप्लस* या पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणहून भडोचला (बॅरिगाझा) गाड्यांतून, बिकट वाटेने ऑनिक्स हा पट्टेदार दगड मोठ्या प्रमाणावर जात असल्याची नोंद आहे. पैठण भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचेही ती सांगते. भारतातील सामान्य लोक सार्डोनिक्सला भोक पाडून तो गळ्यात घालीत, असे प्लिनी लिहितो.