मॉरिशसमधील सार्वजनिक पुळणी

मॉरिशस या हिंदी महासागरातील बेटाच्या किनाऱ्यावर लोकांच्या वापरासाठी शासनाने राखून ठेवलेल्या वाळूच्या पट्ट्या. सुमारे ३२० किमी. लांबीच्या या किनाऱ्याला बहुतेक ठिकाणी प्रवाळभित्तीचे कडे आहे. भित्ती व किनारा यांमधले खारकच्छ उथळ आणि शांत असते. फ्लिक-आं-फ्लाक, ल मोर्न (पश्चिम व नैर्ऋत्य), मों श्वाझी, त्रू-ओ-बिश (उत्तर व वायव्य), बेल मार (पूर्व), ब्लू बे (आग्नेय) या त्यांतील प्रमुख पुळणी होत. त्यांची देखभाल २००२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या किनारा प्राधिकरणाकडे (बीच ऑथॉरिटी) आहे.

‘सार्वजनिक’ या शब्दाचा येथील अर्थ कळण्यासाठी ‘पा जेओमेत्रिक’ (भौमितिक पावले) ही संज्ञा समजून घ्यावी लागते. किनाऱ्यालगतची ५० पावले रुंदीची पट्टी राज्याच्या मालकीची, विक्रीस अपात्र, असा हा नियम. येथील पाऊल म्हणजे चालताना पडणारे एक पाऊल नव्हे. तोच पाय पुन्हा टेकेपर्यंतचे, रोमन पद्धतीचे दुहेरी पाऊल. ते ५ फ्रेंच फुटांचे धरतात. फ्रेंच फूट सुमारे ३२.४८ सेंमी. असल्याने ५० पावलांचे २५० फूट, म्हणजेच ८१.२१ मी. होतात. हाच आकडा आजच्या मॉरिशसच्या कायद्यात आहे. एकेरी पाऊल धरून ही रुंदी निम्मी सांगणारे लेखन आढळते, ते चुकीचे आहे.

या नियमाचा उगम वादग्रस्त आहे. कायद्यात शार्ल दकां या फ्रेंच गव्हर्नराच्या ५ मे १८०७ च्या आदेशाचा हवाला असल्याने पुष्कळदा त्यालाच जनक मानतात. तथापि हीच राखीव पट्टी कॅरिबियनमधील फ्रेंच वसाहतींत सतराव्या शतकापासून दिसते आणि शेजारच्या रेयुनियाँ बेटावरही आहे. त्यामुळे दकांने जुनी प्रथा लेखी पक्की केली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. हेतूविषयीही दोन मते आहेत : तोफखाने व सैन्याच्या हालचालींसाठी मोकळी जागा, किंवा जहाजांच्या डागडुजीसाठी लाकूड. लोकांच्या सहलीचा विचार त्यात नव्हता, एवढे मात्र निश्चित. १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट घेतल्यावरही नियम टिकला आणि १८९५ च्या स्वतंत्र कायद्यात आला.

मोजणी उधाणाच्या भरतीचे पाणी जेथवर पोहोचते त्या रेषेपासून जमिनीकडे करतात. पट्टी विकता येत नसली, तरी भाडेपट्ट्याने देता येते. हॉटेले व ‘कांपमाँ’ (किनाऱ्यावरचे बंगले) अशा पट्ट्यांवरच उभी आहेत. परिणामी रेषेच्या समुद्राकडील ओल्या वाळूवरून हॉटेलासमोरूनही कोणालाही चालता येते. वरच्या कोरड्या वाळूवर छत्री रोवायची, तर ती घोषित सार्वजनिक पुळण असावी लागते. वाळू झिजली की रेषा आत सरकते, तिच्यामागे भाडेपट्ट्याच्या जागेची भिंत असते आणि चालायची जागाच उरत नाही. खारकच्छातून वाळू काढण्यावर २००१ पासून बंदी आहे. पुळणीवर सावलीसाठी सर्वत्र सुरूची झाडे (स्थानिक नाव ‘फिलाओ’) लावलेली आहेत; पण त्यांच्या सुयांच्या थराखाली दुसरे काही रुजत नाही आणि लाटांनी मुळे उघडी पडली की झाड आडवे होते. वाळू धरून ठेवण्याचे काम मर्यादावेल अधिक चांगले करते.

मुंबई-कोकणातील भरती-ओहोटीचा अंदाज येथे चालत नाही. मुंबईत उधाणाला पाणी ४ मी. हून अधिक चढते-उतरते. मॉरिशसमध्ये हा फरक जेमतेम अर्धा मीटर असतो. धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. लाटा भित्तीवरून पाणी आत लोटतात आणि ते परत जाण्यास भित्तीतील खिंडी (‘पास’) एवढीच वाट असते. नदीच्या गोड्या पाण्याने व गाळाने प्रवाळ वाढत नाही, म्हणून खिंडी बहुधा नदीमुखासमोर सापडतात. तेथील ओढ समुद्राकडे असते. मोठ्या लाटांच्या दिवशी ती पोहणाऱ्याला बाहेर नेते. ओढीविरुद्ध न झगडता आडवे पोहत तिच्याबाहेर पडावे. पोहण्याची जागा तरंगत्या बोयांनी आखलेली असते. बोयांपलीकडे स्पीडबोटी फिरतात. दक्षिणेस सुयाकजवळील ग्री-ग्री येथे भित्ती नाही, लाटा थेट कड्यावर आदळतात. ही जागा पाहण्याची आहे, पोहण्याची नव्हे.

प्रवाळाचे तुकडे व समुद्री साळू (सी अर्चिन) या प्राण्याचे काटे यांमुळे रबरी तळव्याचे बूट घालतात. दगडासारखा दिसणारा ‘लाफ’ हा विषारी मासा पायाखाली आल्यास पाय सोसवेल इतक्या गरम (सुमारे ४५° से.) पाण्यात बुडवून ठेवावा, विष उष्णतेने निष्प्रभ होऊ लागते व वेदना उतरते. त्यानंतर रुग्णालय गाठणे आवश्यकच.

मे ते ऑक्टोबर आग्नेय वारे वाहतात. तेव्हा बेल मारला वाळू अंगावर उडते, तर डोंगराआडचा पश्चिम किनारा निवांत असतो. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा व चक्रीवादळांचा काळ. फ्लिक-आं-फ्लाकला पोर्ट लुई (राजधानी) व कात्र बोर्न येथून, मों श्वाझीला पोर्ट लुईहून, ब्लू बेला माएबूरहून बस मिळते. परतीच्या गाड्या संध्याकाळी लवकर संपतात.

रविवारी क्यूर्पीप, व्हाकोआस या पठारावरील गावांतून कुटुंबेच्या कुटुंबे बस भाड्याने घेऊन येतात. सुरूखाली ताडपत्री, मोठ्या टोपात बिर्याणी, दुपारनंतर रावान या बकऱ्याच्या कातड्याच्या डफावर सेगा नाच. विक्रेत्याकडची डाळपुरी नेहमी जोडीने मिळते : दोन पुऱ्या एकावर एक, त्यांवर घेवड्याचा रस्सा, टोमॅटोची ‘रुगाय’ व मिरचीचे वाटण, मग कागदात गुंडाळी. मिरची नको असल्यास आधीच सांगावे लागते.

मॉरिशसमधील मराठी भाषकांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून करारबद्ध मजूर म्हणून येथे आले. गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते व अनेक मूर्तींचे विसर्जन त्याच दिवशी नद्यांत व पुळणींवर होते. फ्लिक-आं-फ्लाकजवळच्या कास्काव्हेलसारख्या गावांत मराठी वस्ती जुनी आहे. उथळ खारकच्छात मूर्ती पूर्ण बुडेल इतके पाणी मिळण्यासाठी बरेच आत चालावे लागते.

फ्लिक-आं-फ्लाक हे नाव डच शब्दांवरून (‘मोकळी सपाट जमीन’) आले असे सांगतात. लाटांच्या वा पावलांच्या आवाजावरून पडले असाही समज आहे. डच अमदानी १७१० मध्येच संपली असली, तरी पहिले मत अधिक प्रचलित आहे.

रॉड्रिग्ज हे मॉरिशसचे पूर्वेकडील स्वायत्त बेट. तेथील खारकच्छ बेटापेक्षा विस्तीर्ण आहे. प्रमुख पुळणी पूर्व किनाऱ्यावर असून त्यांपैकी त्रू दार्जां येथे पायवाटेने जावे लागते.