माया पोथीवाचन, माया भाषिकांपुढील

माया पोथीवाचन, माया भाषिकांपुढील : मेक्सिको व मध्य अमेरिकेतील माया लोकांच्या प्राचीन पोथ्या प्रतिकृतींवरून माया भाषिकांना दाखविण्याची व त्यांची लिपी शिकविण्याची आधुनिक प्रथा. अंजिरवर्गीय झाडाच्या सालीच्या घडीव कागदावर लिहिलेल्या चार पोथ्या उरल्या असून त्यांतील ड्रेस्डेन पोथी यासाठी विशेष सोयीची ठरते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ग्वातेमालात लिंडा शील, निकोलाय ग्रूबे आदी माया लिपीच्या अभ्यासकांनी माया भाषाभ्यासकांसाठी लिपीवर्ग घेतले.

ड्रेस्डेन पोथी कोणत्या काळातील व कोणत्या माया भाषेत आहे, हा वादाचा मुद्दा. माया संस्कृतीचे अभ्यासक एरिक टॉम्पसन यांनी ती तेराव्या शतकातील व युकातान द्वीपकल्पावरील चिचेन इत्सा या माया नगरीची मानली; पुष्कळांनी ती त्याहून काहीशी उत्तरकालीन धरली आहे. भाषा युकातेक (युकातान द्वीपकल्पावरील माया भाषा) असावी, असा प्रारंभी समज होता. सोव्हिएत लिपितज्ज्ञ यूरी क्नोरोझोव्ह यांनी १९५२ मध्ये पोथीतील कुत्र्याच्या चित्रावरील दोन चिन्हे ‘त्सु-लु’ अशी लावून ‘त्सुल’ हा जुना युकातेक शब्द वाचला, तर टर्कीच्या चित्रावर ‘कुत्स’. पुढे रॉबर्ट वॉल्ड यांनी क्रियापदांच्या रूपांवरून चोलवर्गीय भाषेचा (माया भाषांच्या दुसऱ्या एका शाखेचा) ठसा दाखविला. पोथी जुन्या चोलवर्गीय लेखनपरंपरेतून उतरली व युकातेक भाषिक लेखकांच्या हातून गेली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

वाचनवर्गात याचा परिणाम जाणवतो. आजचा युकातेक भाषिक कुत्र्याला ‘पेक’ म्हणतो, ग्वातेमालातील किचे भाषिक ‘त्सइ’; म्हणजे ‘त्सुल’ दोघांनाही शिकावाच लागतो. (माया भाषा सुमारे तीस असून त्या सगळ्या परस्परांना कळत नाहीत, हे अनेकदा विसरले जाते.) पोथीतील पंचांगाच्या दिवसांची नावे मात्र चटकन ओळखू येतात. २६० दिवसांची गणना ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात अजून चालू असून ‘आहकिह’ म्हणजे दिवस मोजणारे ती सांभाळतात. युकातेक ‘इमिश’ तेथे ‘इमोश’ होतो, ‘अकबल’चा ‘अकाबाल’. ‘चुवेन’ला मात्र ‘बात्झ’ हे वेगळेच नाव आहे. पोथीतील शुक्र ग्रहाच्या सारणीत ५८४ दिवसांची पाच आवर्तने मिळून ३६५ दिवसांची आठ वर्षे, म्हणजे २,९२० दिवस होतात.

मूळ पोथी योहान ख्रिश्चन ग्योत्से यांनी १७३९ मध्ये व्हिएन्नात मिळविली. ती ड्रेस्डेनच्या ग्रंथालयात आहे. १९४५ मध्ये पाण्याने तिची हानी झाल्यामुळे काही ठिकाणी एर्न्स्ट फोर्स्टेमान यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेली प्रतिकृती मूळ पोथीहून स्पष्ट दिसते.