अनंत: ठाणे-नवी मुंबईतली लागवड आणि निगा

अनंत हे बारमाही हिरवं राहणारं झुडूप, पानं गडद आणि तेल लावल्यासारखी चकचकीत, फुलं पांढरीशुभ्र आणि वासाला जबरदस्त. काहीजण याला गंधराज म्हणतात. शास्त्रीय नाव गार्डेनिया जॅस्मिनॉइडिस, कुळ कॉफीचं. गार्डेनिया हे नाव बागेवरून आलेलं नाही, अठराव्या शतकात अमेरिकेत राहिलेल्या अलेक्झांडर गार्डन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरवरून ठेवलंय, आणि जॅस्मिनॉइडिस म्हणजे जाई-मोगऱ्यासारखं. मूळचं दक्षिण चीन, तैवान, जपान या बाजूचं, पण कोकणातल्या अंगणांत ते इतकं मुरलंय की परकं कुणालाच वाटत नाही. अनंत चतुर्दशीशी याचा संबंध फक्त नावापुरता, तिथला अनंत म्हणजे विष्णू आणि चौदा गाठींचा दोरा.

तगर आणि अनंत यात भल्याभल्यांची गल्लत होते, विशेषतः दुहेरी पाकळ्यांच्या तगरीशी. ओळखायची सोपी खूण म्हणजे पान तोडून बघायचं, तगरीला पांढरा चीक येतो, अनंताला नाही.

कळी जवळून बघण्यासारखी असते. पाकळ्या एकमेकींवर पीळ घालून घट्ट मिटलेल्या, पिळलेल्या हिरवट पंचासारख्या, मग टोकाकडून पांढरी होत होत पीळ सुटतो. वास संध्याकाळनंतर चढतो. फूल पहिल्या दिवशी दुधासारखं, मग सायीसारखं, मग लोण्यासारखं पिवळसर होतं, आणि पाकळीला बोट लागलं की तिथे तपकिरी डाग पडतो, म्हणून देवाला वाहायचं फूल नेहमी देठाला धरून खुडावं. आपल्याकडे बहुतेक दुहेरी पाकळ्यांचाच लावतात, त्याला सहसा फळ धरत नाही. एकेरी पाकळ्यांच्या अनंताला नारिंगी फळं येतात आणि त्यांच्यापासून चीन-जपानमध्ये पिवळा रंग काढतात, जपानमध्ये मुळ्याच्या लोणच्याला तो घालतात. त्यातलं रंगद्रव्य केशरात असतं तेच, क्रोसिन.

आता मुद्द्याचं, माती. अनंताला आंबट माती लागते, पीएच (आंबटपणा मोजायचं माप, ७ च्या खाली आंबट) ५ ते ६.५ च्या आसपास. कोकणातली जांभ्याची लाल माती मुळातच आंबट, पाऊस भरपूर, हवा दमट, म्हणून तिकडे तो कुणी न बघताही वाढतो. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत तोच अनंत पिवळा पडून बसतो. ठाणे आणि नवी मुंबई कोकणातच, पाऊसही दणकून, म्हणजे इथे अडचण यायला नको, पण येते, कारण आपल्या बिल्डिंगच्या आवारातली माती ही माती कमी आणि भराव जास्त असते. आमच्या नेरुळच्या सोसायटीत कुंपणालगत तीन अनंत लावले होते, दोन वर्षं नुसते पिवळे, शेवटी एक उपटून बघितला तर वीतभर मातीखाली विटांचे तुकडे, प्लास्टर, सिमेंटचे गड्डे. सिमेंटमधला चुना सुटत राहतो, माती आंबट न राहता अल्कधर्मी, म्हणजे आंबटच्या उलट, होते आणि त्यात लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. झाड ताटावर बसून उपाशी. मग दीड फूट रुंद, तेवढाच खोल खड्डा काढून सगळं डेब्रिज बाहेर टाकलं, लाल माती आणि शेणखत भरलं, आणि पुढच्याच पावसाळ्यात पानांनी रंग धरला.

दुसरा चोर म्हणजे पाणी. धरणाचं नळाचं पाणी, नवी मुंबईत मोरबेचं वगैरे, बऱ्यापैकी मऊ असतं. पण उन्हाळ्यात टँकर आणि बोअरवेल सुरू झाल्या की क्षार वाढतात, खाडीलगत तर मीठसुद्धा, कुंडीच्या कडेला पांढरी खपली दिसायला लागली की समजायचं. शक्य असेल तर झाडांसाठी पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवावं, आणि पावसाळ्यात कुंडी आठ-दहा दिवस उघड्यावर ठेवली तरी मातीतले क्षार धुऊन जातात, याच्यासारखा फुकटचा उपाय नाही.

पानं पिवळी पडली म्हणून लोक घाबरून खतावर खत टाकतात, ते करू नये, आधी कुठलं पान पिवळं आहे ते बघा. शेंड्याकडची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, हे लोह कमी पडल्याचं लक्षण. खालची जुनी पानं एखाद-दुसरी गळत असतील तर ते नेहमीचंच, आणि सगळंच झाड मलूल असेल तर बहुतेक मुळाशी पाणी तुंबलंय. लोहासाठी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, अर्धा छोटा चमचा एक लिटर पाण्यात विरघळवून महिन्यातून एकदा ओल्या मातीत घालतात, फरशीवर सांडू देऊ नका कारण गंजाचे डाग पडतात आणि ते निघता निघत नाहीत. चिलेटेड आयर्न, म्हणजे मुळांना सहज उचलता येईल अशा रूपातलं लोह, तेही मिळतं. आणि अंड्याची टरफलं, चुलीची राख, चुना हे बाकीच्या झाडांना चालत असलं तरी अनंताला मुळीच घालू नये, ज्यापासून त्याला वाचवायचं तेच आपण वरून देतो. वापरलेली चहापावडर धुऊन घातली तर चालते, साखर-दुधासकट टाकली की मुंग्या ठरलेल्या.

घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांमधून आणलेल्या रोपाच्या मुळांभोवती बऱ्याचदा लाल चिकणमातीचा दगडासारखा गोळा असतो, वरून घातलेलं पाणी त्याच्या बाजूने निघून जातं आणि आतली मुळं कोरडीच राहतात. गोळा बादलीत बुडवून हलक्या हाताने बाहेरचा थर सैल करावा, मुळं तोडू नयेत. बारा इंची कुंडी, अर्धी लाल माती, उरलेल्यात शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पण कोकोपीट दोन-तीनदा धुऊन, त्यातही मीठ असतं.

ऊन सकाळचं चार-पाच तास पुरे. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या ग्रीलमध्ये पानं करपतात, तिथे हिरवी नेट बांधावी. फुलांचा मुख्य बहर पावसाळ्याच्या सुमारास. कळ्या धरून न उमलताच गळतात ही सगळ्यांची तक्रार, आणि कारण बहुतेक वेळा एकच, पाण्याचा लहरीपणा, एक दिवस कोरडं ठणठणीत, दुसऱ्या दिवशी चिखल. कळ्या आलेली कुंडी उगाच या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवू पण नये.

पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि पांढरी माशी या तीन किडी, त्यांच्या चिकट स्रावावर काळी काजळी चढते. मुंग्यांची रांग दिसली की पानाखाली बघायचं. थोडे असतील तर ओल्या कापसाने पुसून, जास्त असतील तर लिटरभर पाण्यात ५ मिली निमतेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारावं, आठवड्याने परत. छाटणी बहर संपला की लगेच, कारण फूल फांदीच्या शेंड्याला येतं आणि उशिरा छाटलं तर पुढचे कळे आपणच कापतो.

नवीन रोपासाठी जून-जुलैत गुटी बांधतात. पेन्सिलएवढ्या फांदीची इंचभर साल गोल काढायची, ओलं मॉस (शेवाळ) गुंडाळून प्लास्टिकने घट्ट बांधायचं, दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागतात. ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या वाड्यांमध्ये असलेले अनंत असेच घरोघरी गेले. वाडा पाडायला निघाला तेव्हा शेजारच्या आजींनी एक गुटी कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून मला दिली, तो आता नेरुळला माझ्या खिडकीत आहे आणि यंदा सात कळ्या धरल्यात.